चहात बुडवलेलं पांढरं

आमचे मामा कुणाच्याही घरी गेले की आधी तिथली खिडकी बंद करत आणि मग ‘कसं काय’ विचारत. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत एक पडदा ओढलेला असे, ट्यूबलाइट मालवलेली असे आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई तिच्या नेहमीच्या जागेवरून उठून दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असे. “आता बघा, कशी माणसात आली,” असं म्हणून मामा स्वतः अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला उजेड सोसत नाही. खरं तर त्यांना उजेडाशिवाय दुसरं काही सोसत नसे. फक्त तो जागोजाग सांडलेला चालत नसे. “उजेड काय, फुकटच येतो,” ते म्हणत. “त्याला अडवायचं कुठं, एवढंच आपलं काम.”

मामा म्हणजे माझे सासरे. पैठण गेटच्या आसपास मात्र सगळे त्यांना उजेडमामा म्हणत, आणि पुढे पुढे घरातही तेच नाव पडलं. ते सिनेमाचे कॅमेरामन होते, तेही रंग येण्याआधीच्या सिनेमाचे. ‘कृष्णधवल’ हा शब्द त्यांना मुळीच आवडत नसे. “त्यात काळं थोडं आन् पांढरं त्याहून थोडं,” असं ते ऐकवत. “सगळा सिनेमा मधल्या करड्यात असतो. पण करडा सिनेमा म्हणलं तर तिकीट कोण काढंल?”

लासूर स्टेशनला त्यांचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. तिथल्या पत्र्यांच्या भोकांतून उन्हाचे दांडे आत उतरत, आणि हवेत कापूस उडत असल्यामुळे ते दांडे हातात धरता येतील असे दिसत. “मी पयला सिनेमा जिनिंगमधी बघितला,” मामा सांगत. “त्यात माणसं नव्हती. नुसता उजेडच हलायचा.” मग माणसं असलेला सिनेमा बघायला ते कोल्हापूरला गेले. चंदेरी कागद लावलेल्या फळ्या उन्हात धरून उभं राहण्यापासून सुरुवात केली आणि कॅमेऱ्याच्या मागे पोचले. त्यांनी साडेतीन सिनेमे केले. अर्धा अशासाठी, की चौथ्याच्या मधोमध निर्मात्याला गाणी रंगीत हवीशी वाटली आणि मामा सामान बांधून निघाले. उरलेला सिनेमा दुसऱ्याने पुरा केला. “इंटरव्हलपर्यंत माझा,” ते बजावून सांगत. “पुढं हिरोचं नाकसुद्धा बदललंय.”

नंतर त्यांनी एक रंगीत सिनेमाही केला होता, पण त्याबद्दल घरात बोलायची मनाई होती. ते बाहेर गेले की माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, हळूच सांगत, “त्यात हिरॉईन गाजरावाणी दिसायली बघा.”

त्या एका सिनेमानंतर त्यांनी औरंगाबादला परत येऊन पैठण गेटजवळ फोटो स्टुडिओ टाकला. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली एक तपकिरी काच असे. तिच्यातून पाहिलं की रंग विझतात आणि फिल्मवर काय उमटेल ते आधीच कळतं. सेटवर तिचा उपयोग होता हे मला पटतं. पण मामा तिच्यातून भाजीही निवडत. टोमॅटो आणि कोथिंबीर यांत फरक दिसत नाही म्हणून भाजीवाल्याशी त्यांनी एकदा वाद घातला. क्रांती चौकात निवडणुकीच्या दिवसांत हिरवे, निळे, भगवे असे सगळेच झेंडे फडफडत असताना ते भर रहदारीत स्कूटर थांबवून काच डोळ्याला लावायचे आणि मागे बसलेल्या मला सांगायचे, “जावई, इथनं बघा. एकच पार्टी हाय.”

जावई होण्याआधी मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो सुजाताला पाहायला गेलो तेव्हा. मी गंगापूरचा, सिंचन खात्यातला कारकून, मुळातच कमी बोलणारा. माझी माय सोबत होती. मुलगी यायच्या आत मामांनी मला तीनदा जागा बदलायला लावली.

“इथं बसा. नाय, तिथं नाक लई लांब पडायलं. जरा भिंतीकडं. हां. हनुवटी खाली.”

मग त्यांनी ट्यूबलाइट बंद केली आणि आतून टेबललॅम्प आणून माझ्या डाव्या अंगाला ठेवला. मायला वाटलं, वीज गेली. पोह्यांची बशी घेऊन सुजाता आली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर मी तिला विचारलं, तेव्हा का हसलीस? ती म्हणाली, “तुम्ही घाबरलेले होतात, पण बाबांनी तुम्हाला फार रुबाबदार घाबरवलं होतं.”

त्यांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढणं हा शिकलेल्या माणसालाही जड जाणारा प्रकार होता. नोकरीचा अर्ज भरायची शेवटची तारीख तोंडावर आलेली पोरं धापा टाकत येत आणि मामा त्यांना स्टुलावर बसवून म्हणत, “आधी दम घ्या. दम लागल्याला चेहरा सपाट येतो.” मग दिवे हलत, पुठ्ठे हलत, एकदा तर शेजारच्या टेलरकडून कापडाचा तुकडा आणून कपाळावरचा उजेड अडवला गेला. देवगाव रंगारीच्या एका मुलाचा अर्ज परत आला. शेरा होता की अर्जदाराचा अर्धाच चेहरा दिसतो. मुलगा तो फोटो घेऊन मामांसमोर उभा राहिला. मामांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि म्हणाले, “ओळखणाऱ्याला अर्धा पुरतो. त्यांना तुला ओळखायचंच नसंल.” पण नंतर त्यांनी त्याला सरळ, सपाट, दोन्ही कान दिसणारा फोटो काढून दिला आणि त्या दिवशी स्टुडिओ लवकर बंद केला. मामी म्हणाल्या, जेवणसुद्धा नीट गेलं नाही.

आणि आमचं लग्न. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. मामांनी जाहीर केलं होतं की मुलीच्या लग्नाचं शूटिंग ते स्वतः करणार, आपल्या कॅमेऱ्यावर, आपल्या फिल्मवर. त्यांच्या फिल्मचं आणि पांढऱ्या रंगाचं जुनं वैर. अगदी शुभ्र कापड उन्हात पेटून उठतं आणि फिल्मवर त्याची चुणी, घडी, काठ, काहीच उरत नाही. म्हणून कोल्हापूरला हिरोचं धोतर असो की म्हातारीचं लुगडं, पांढरं म्हणून जे काही असे ते आदल्या दिवशी चहाच्या पाण्यातून काढत. मग ते पडद्यावर खरं पांढरं दिसे.

लग्नाच्या आदल्या दुपारी मामी अंगणात आल्या तर दोरीवर सुजाताची लग्नाची साडी वाळत होती, पातळ चहाच्या रंगाची. त्यांनी काय काय म्हटलं ते सुजाताने मला कधी पूर्ण सांगितलं नाही. मामांनी एवढ्यावर थांबावं की नाही? ते रिक्षा करून आम्ही उतरलो होतो तिथे आले, “इस्त्रीला देतो” म्हणून माझा कुडता घेऊन गेले, आणि तोही बुडवला.

मांडवात माझी माय माझ्या कानाशी आली. “पांढरं ठरलं होतं ना रे? ही कुणाची वापरलेली साडी नेसवलीय पोरीला? आन् तुझ्या कुडत्याला काय झालं?”

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. कॅमेऱ्यामागून मामांचा आवाज आला, “विहीणबाई, आधी पडद्यावर बघा, मग बोला. आन् जरा डावीकडं सरका, नवरीवर सावली पडायली.”

आमच्या बाजूने एक रंगीत व्हिडिओवालाही ठरवला होता. त्याच्या कॅसेटमध्ये आम्ही दोघं नुकतेच गाळातून वर आल्यासारखे दिसतो. मामांची फिल्म मात्र काही महिन्यांनी त्यांच्या घरी भिंतीवर चादर बांधून बघितली. पांढरे शुभ्र कपडे घालून आलेले सगळे पाहुणे तिच्यात शर्टाच्या आकाराची भोकं होऊन वावरत होते, आणि मधे आम्ही दोघं, साडीच्या प्रत्येक निरीसकट, कुडत्याच्या प्रत्येक टाक्यासकट पांढरे. फिल्म संपून चादरीवर नुसता उजेड आला तेव्हा माय म्हणाली, “परत लावा.”

इतक्या जणांना पांढरं करणाऱ्या माणसाने आपल्या बायकोचा मात्र एकही फोटो काढला नव्हता. दोष मामांचा नव्हे. मामी कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात जात. “तुमच्या त्या डबड्यात मी काळी येते,” एवढं त्यांचं कारण. मामा म्हणत, “अगं, मधली करडी येशील.” यावर त्या जे बघत, त्यापुढे बोलणं नसे. असं चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललं. मग आधार कार्ड आलं. त्यावरचा स्वतःचा फोटो मामींनी दाराशी नेऊन बघितला, चष्मा पुसून परत बघितला, आणि काही वर्षं तो मनात ठेवून एके दिवशी कार्ड मामांच्या पुढ्यात टाकलं. “मेल्यावर काढल्यागत दिसायले मी ह्याच्यात. तुमीच काढा एकदा.”

मामांचं तेव्हा वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. स्टुडिओ कधीच बंद झाला होता, त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळत. पण तो आठवडाभर ते पंचवीस वर्षांनी लहान झाले. जपून ठेवलेल्या कॅमेऱ्यात काळी-पांढरी फिल्म भरली. कुठली साडी, कुठली वेळ, स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड की ओसरीचा, यावर घरात रोज चर्चा झडू लागली. फक्त एक अडचण होती. फोकस लावताना त्यांना कडेचं धूसर वाटत होतं. “मोतीबिंदू असंल,” ते म्हणाले. “तेवढा काढून टाकू, मग काढतो फोटो. हिनं इतकी वर्षं थांबवलं, आता महिनाभर मी थांबवतो.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. तपासणी झाल्यावर मामा बाहेर चपला शोधत होते, तेव्हा डॉक्टरांनी मला आत थांबवून सांगितलं की हा काचबिंदू आहे. नजर कडेने आत आत जात राहील. गेलेली परत यायची नाही. थेंब घालायचे ते उरलेली सांभाळायला.

मी बाहेर आलो. मामांनी विचारलं, “काय म्हणले?”

“थेंब दिलेत,” मी म्हणालो. “थेंबांनी साफ होईल.”

हे वाक्य मी कसं बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दया आली म्हणून, असं आधी स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी विचारलं असतं, मला उत्तर द्यावं लागलं असतं, रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघं त्या पायरीवर उभे असतो. मला तेवढा वेळ टाळायचा होता. घरी सुजाताला सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, “नका सांगू त्यांना.” मला परवानगी मिळाल्यासारखं झालं.

मग मामा वाट बघू लागले. सकाळ-संध्याकाळ न चुकता थेंब घालायचे, आणि घातल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून “आज बरं वाटायलंय” म्हणायचे. फोटो पुढे गेला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीचा उजेड चांगला असतो म्हणून दिवाळी धरली, तीही गेली. मामी साडी बाहेर काढून ठेवत आणि परत कपाटात घालत. मामा दाराच्या चौकटीला धडकू लागले. भरल्या ताटातली भाजी त्यांना दिसे आणि शेजारची भाकरी दिसत नसे. “ह्या घरातलं सामान कोण हलवायलंय?” असं ओरडत. मी समोर बसून चहा पीत असे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी गेलो तेव्हा त्यांनी मामींना खिडकीशी बसवलं होतं. कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला, काढला, मग उजव्याला लावला.

“अजून दोन महिने,” ते म्हणाले. “थेंब लागू पडायलेत. डावा जरा मागं हाय, पण येईल तोबी.”

मामी म्हणाल्या, “मी साडी घडी करू का मग?”

त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तो मला ऐकवला नाही.

“मामा, डोळा साफ होणार नाही,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

“डॉक्टर.”

“कवा म्हणले?”

“पहिल्याच दिवशी. मला सांगितलं होतं.”

त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याच्या कातडी पट्ट्याशी बोटं चाळवत राहिले.

“पयल्या दिवशी,” ते म्हणाले, “मला डाव्या डोळ्यानं हिचा चेहरा पुरा दिसत होता, जावई.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी उठल्या आणि साडी घडी न करता तशीच आत घेऊन गेल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. पण अबोलाही त्यांनी आपल्या पद्धतीने पाळला. आमच्या घरी नेहमीसारखे येत, खिडकी लावत, कोपऱ्यात बसत, आणि जे काय असेल ते सुजातामार्फत कळवत. “सुजाता, त्यांना म्हणावं, उजेडातनं बाजूला व्हा.” मी बाजूला होत असे. “त्यांना म्हणावं, एवढं नाय.” मी थोडा परत येत असे. सुजाता एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, ते तुमच्यापासून दोन हातांवर उभे आहेत!” मामा म्हणाले, “व्हय का? मला नाय दिसलं. कडेला असतील.”

मग एका शनिवारी फोन आला.

“जावई, उद्या सकाळी या. काळं कापड घेऊन या, मोरीच्या खिडकीला लावायचंय. आन् तोंड घेऊन या. गप बसायला बोलवत नाय मी.”

मी गेलो. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या, कपाळावर आठ्या घालून. मामांनी मला आपल्या शेजारी उभं केलं. “माझ्याकडं आता मधलं एवढंसं राहिलंय,” त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल दाखवला. “नाक बघतो तवा डोळा नसतो. डोळा बघतो तवा नाक जातं. पर सिनेमावाल्याला काय, चौकटीबाहेरचं बघायचं कामच नसतं. बाकी तुम्ही सांगायचं. काय दिसतं ते. बरं वाटंल ते नाय.”

त्यांनी पुढे जाऊन मामींच्या गालावर तळवा ठेवला, ऊन कुठपर्यंत आलंय ते चाचपायला.

“अवो, जावई उभे हायत,” मामी म्हणाल्या.

“उजेडाचा मीटर हाय माझा तो. गप बस. जावई, हनुवटीखाली काय?”

“सावली आहे.”

“कसली? कोळशावाणी का चहावाणी?”

“चहासारखी. दूध न घातलेल्या.”

“मग पांढरा पुठ्ठा जवळ आणा. अजून. आता?”

“आता दूध पडलं.”

“थांबा तिथंच.”

मामींनी गॅसवरच्या भाजीची चौकशी केली. मामांनी बटण दाबलं. पुढच्या कामाला त्यांना माझी गरज नव्हती. मोरीत कापड लावून दार बंद केल्यावर तिथल्या मिट्ट काळोखात ते पूर्वीचेच होते. रीळ उलगडणं, डब्यात भरणं, पाणी, औषध, पुन्हा पाणी, सगळं बोटांनी. मी दाराला पाठ लावून उभा होतो आणि माझीच कोपरं बादल्यांना लागत होती. “कडेला व्हा,” अंधारातून आवाज आला, “आता तुम्हाला कळंल.”

पहिला फोटो चिमट्याला टांगला आणि मामा म्हणाले, “सांगा.”

फोटो सुंदर होता. उजेड मामींच्या गालावरून असा उतरला होता की बघत राहावं. आणि डोळे हललेले होते. फोकस चुकला होता. ‘छान आलाय’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते.

“डोळे धूसर आहेत, मामा,” मी म्हणालो.

“मग स्पष्ट काय हाय?”

“पदराचा काठ.”

“पदराचा काठ!” ते मटकन मोरीच्या कट्ट्यावर बसले. “कोल्हापूरला असतो तर गेटाबाहेर काढलं असतं मला. पदराचा काठ! साडीची जाहिरात केली व्हय मी?” मग उठून पंच्याने हात पुसत म्हणाले, “चला. परत.”

असे चार रविवार गेले. दुसऱ्या वेळी कान आला. तिसऱ्या वेळी मामींना शिंक आली. चौथ्या रविवारी मी टांगलेल्या फोटोकडे बघितलं आणि मला बोलायला वेळ लागला. मामांचा चेहरा पडला. “काय आलं आता? खिडकीची कडी?”

“डोळे आलेत,” मी म्हणालो.

त्यांनी मला सगळं सांगायला लावलं. कपाळापासून सुरू करा म्हणाले. मी सांगत गेलो. कपाळावरच्या रेघा, त्यातली एक मधे तुटलेली. डाव्या भुवईतला पांढरा केस. डोळ्याखालची त्वचा, खूप वेळा धुतलेल्या कापडासारखी. ओठाच्या कडेला वाट बघून कंटाळल्यासारखं काहीतरी, आणि त्याच्या वर हसू यायच्या आधीचं काहीतरी. मामा मान हलवत होते. दारातून मामी म्हणाल्या, “पुरे झालं. बाजारातल्या म्हशीगत काय सांगायलात!” त्यांनी लांबूनच फोटोवर नजर टाकली. “लई रेघा हायत,” म्हणाल्या, आणि चिमट्यावरून पहिला, हललेला फोटो काढून घेतला. “ह्यो बरा हाय. ह्याच्यात गोरी आले.”

तोच त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये टांगला. साडेतीन सिनेमे केलेल्या माणसाला उरलेलं आयुष्य स्वतःच्या चुकलेल्या फोटोखाली बसून काढावं लागलं. येणाऱ्या प्रत्येकाला मामा आधीच सांगत, “ते वर टांगलंय ती माझी चूक हाय. घरच्यांना आवडली.” चौथा फोटो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला. माझ्याशी ते पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागले होते. माफ केलं असं मात्र कधी म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. गेलेले ते महिने होते तिथेच होते. मामींचा चेहरा त्यांनी पुन्हा कधी एका नजरेत पुरा पाहिला नाही, तुकड्या-तुकड्यानेच पाहिला, आणि ते माझ्यामुळे.

यंदा थंडी सरता सरता मामा गेले. जेवले, आडवे झाले, आणि चहाला उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. वंदना झाली, लोक दोन शब्द बोलू लागले. शहरातले एक सिनेमाचे अभ्यासक आले होते. चांगले बोलले. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या मामींच्या फोटोकडे हात केला आणि म्हणाले की बघा, दृष्टी जात असतानाही या कलावंताने मुद्दाम रेषा पुसून टाकल्या, वार्धक्य धुक्यात विरघळवलं, केवढी ही करुणा. लोकांनी माना डोलावल्या.

मी आयुष्यात कधी सभेत बोललेलो नाही. उभा राहिलो तेव्हा सुजाताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला चक्करच आलीय.

“तो फोटो हललेला आहे,” मी म्हणालो. “त्यात फोकस पदराच्या काठावर आहे. मामांना तो आवडत नव्हता. त्यांनी काढलेला फोटो आत आहे.”

पाहुणे माझ्याकडे, मग फोटोकडे, मग मामींकडे बघू लागले. मामी पुढच्या सतरंजीवर बसलेल्या. त्या म्हणाल्या, “खरं हाय ते. मला गोरी दिसते म्हणून टांगलाय मी.” अशा कार्यक्रमात हसू नये, पण लोक हसले, ते अभ्यासकही हसले.

मी आतून वर्तमानपत्राची गुंडाळी आणली. फोटो हातोहात फिरला. कुणी जवळ धरला, कुणी लांब. फिरत फिरत तो मामींकडे आला आणि त्यांनी तो पहिल्यांदाच जवळ घेतला. चष्मा पदराने पुसला. खूप वेळ बघितलं. तुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं, मग भुवईतल्या केसावर.

“ह्यो त्या रविवारचाच ना?” त्यांनी मला विचारलं. “डोळं गेल्यावरचा?”

“जाता जाताचा,” मी म्हणालो.

“मला वाटलं, त्यांना नसंल दिसत काही. नुसतं आपलं बटण दाबायलेत.” त्यांनी फोटो मांडीवर उपडा ठेवला, परत सुलटा केला. “समदं बघितलं की वो माझं.”